आशाताई स्वतः अ‍ॅडमिट झाल्या

आष्टीत बेबीनंदाताईंचा आवाज आधी येतो, ताई मागून येतात. पंधरा वर्षं त्या गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविका आहेत. एवढ्या वर्षांत किती बायांना त्यांनी परतूरच्या नाहीतर जालन्याच्या दवाखान्यात नेलं, ते त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे. किती जणींना रागावून, दंडाला धरून, सासूला बाजूला सारून नेलं, ते लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

शेजारच्या झुंबरबाईंना विचारा. त्यांच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आज अमावस्या हाये. उद्या नेऊ." ताईंनी सुनेला जीपमध्ये बसवलं आणि खिडकीतून सांगितलं, "मावशी, लेकराला कॅलेंडर वाचता येत न्हाई. तुम्ही येऊन राह्यल्या का हितंच थांबता?" झुंबरबाई निमूट चढल्या. नातू झाला. तेव्हापासून दोघींचं भांडणही रोजचं आणि चहाही.

ताईंचे मालक तातेराव बाजारात शिलाईचं दुकान चालवतात. माणूस सावकाश. ब्लाऊजचं माप देता देता त्यांना काही विचारलं, तर उत्तर बहुतेक ब्लाऊज नेतानाच मिळतं. त्यांच्या वाट्याचं बोलणं ताईच बोलत आल्या, आणि त्यात तातेरावांची कधी तक्रार नव्हती.

मागच्या थंडीत ताई गप्प झाल्या. तातेरावांना ते कळलं नाही असं नाही. कळलं, आणि खरं सांगायचं तर आवडलं. आठ दिवस घरात कुणी "आवो, ऐकून राह्यले का" म्हणालं नाही. ते निवांत भीमगीतं लावून जेवले. पुढं ही गोष्ट त्यांनीच सगळ्यांना सांगितली, मान खाली घालून.

नवव्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. दहाव्या दिवशी भाजीच नव्हती. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "थकवा हाये," म्हणाल्या, आणि स्वतःच्याच पिशवीतली लोहाची गोळी घेतली.

मग गावानं कारण शोधायला घेतलं. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं मोबाइल. झुंबरबाईंनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्यानं सगळ्या गल्लीला ठसका लागला, ताई सोडून. ताईंना खोकायचीही इच्छा राहिली नव्हती.

लेक पायल जालन्याला नर्सिंग शिकते. आईचा फोन पाऊण तासाच्या आत कधी संपत नसे. त्या आठवड्यात तो दोन मिनिटांत संपला. पायल दुसऱ्याच दिवशी येऊन आईला जालन्याच्या मनोविकाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं, डिप्रेशन आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्या. "गुण यायला दोन-चार आठवडे लागतील. पण मध्येच झोप अजिबात उडाली, खाणंपिणं सुटलं, किंवा मरणाचं बोलणं निघालं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लगेच आणा."

बरोबर आलेल्या तातेरावांनी हे खिशातल्या मापांच्या वहीत लिहून घेतलं, कुणाच्या तरी छाती-कंबरेखाली.

"मला कशाला सांगून राह्यले हे?" ताई येताना जीपमध्ये म्हणाल्या. "मीच बायांना सांगत असते." त्या दिवसातलं त्यांचं एवढंच बोलणं.

बारा दिवस गेले. गोळ्या चालू होत्या, पण झोप रोज कमीच होत होती. ताटातली भाकरी तशीच परत येई. आणि एका सोमवारी सकाळी ताई एकदम कामाला लागल्या. अंघोळ केली. आशाच्या गणवेशाच्या दोन्ही साड्या घडी करून, रजिस्टर वर ठेवून, दुसऱ्या वॉर्डाच्या आशा शिवकन्याकडे देऊन आल्या. "तूच सांभाळ आता," म्हणाल्या. शिवकन्याला वाटलं, ताई सुटीवर चालल्या.

तिथून त्या दुकानात आल्या. इतक्या दिवसांनी बाईल आपल्या पायांनी दुकानात आली म्हणून तातेराव खूश झाले. त्यांनी चहा सांगितला. ताई शांतपणे म्हणाल्या, "बँकेचं पासबुक लोखंडी पेटीत हाये. पायलचे दाखले बी तिथंच. तुम्हाला सापडत न्हाई काही, म्हणून सांगून ठेवते."

मशीनचं चाक थांबलं.

सावकाश माणसाचं एक असतं, तो ऐकतो नीट. तातेराव उठले, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि बायकोसमोर स्टूल घेऊन बसले. या वेळी मात्र त्यांनी विचारायला अजिबात वेळ लावला नाही.

"मरायचं मनात येऊन राह्यलंय का तुझ्या?"

ताईंनी खाली पडलेली एक चिंधी उचलली. "येऊन राह्यलंय," म्हणाल्या. "लई दिवस झाले. आता कसं ते बी ठरवलंय."

तातेराव ओरडले नाहीत, की "असं बोलू नको" म्हणाले नाहीत. "बरं झालं सांगितलं," एवढंच म्हणाले. टेबलावरची मोठी कात्री उचलून त्यांनी गल्ल्यात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. मग भिंतीवरच्या कागदावर बघून फोनवर १४४१६ लावला. तो टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा कागद ताईंनीच चिकटवला होता, सहा महिन्यांपूर्वी, तातेराव नको नको म्हणत असताना, त्यांच्या फॅशनच्या कॅलेंडरवर.

पलीकडच्या बाईनं मराठीतच विचारलं. जीव द्यायचा विचार आहे का, कसा ते ठरवलंय का, आत्ता जवळ कोण आहे. तातेरावांनी पटापट उत्तरं दिली. "त्यांना एक मिनिटही एकटं सोडू नका," बाई म्हणाली. "घातक वस्तू हाताशी राहू देऊ नका. आणि आजच दवाखान्यात न्या. आत्ता निघा."

"चल," तातेराव म्हणाले.

आता ताईंना बोलणं सुचलं, आणि पंधरा वर्षं ज्या सबबी त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या, त्या एकामागून एक त्यांच्याच तोंडून यायला लागल्या. लोक काय म्हणतील. पायलचं लग्न जमायचंय. तिथं येड्यांमध्ये ठेवतात. उद्या लसीकरण हाये. आज सोमवार, लई गर्दी असते.

"उद्या जाऊ की," शेवटी म्हणाल्या.

"हे तू कुणाचं चालू दिलं का आजवर?" तातेरावांनी विचारलं.

लग्नाचे अकरा ब्लाऊज अर्धवट टाकून दुकान बंद झालं. पायलला फोन गेला, जालन्याला जायला जीप आली. झुंबरबाईंना काय झालंय ते पुरतं कळलं नव्हतं, पण न विचारता त्या आधी चढून बसल्या आणि ताईंचा हात मांडीवर घेतला. पुढच्या दोन तासांत त्यांनी सुनेचा नवा मिक्सर, गुडघे आणि मेथीचे भाव हे सगळे विषय संपवले. वाटूर फाट्याला तातेराव म्हणाले, "मावशी, जरा दम घ्या." ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "बोलू द्या." तातेरावांच्या डोळ्याला तिथं पाणी आलं.

पायल दवाखान्याच्या दारात उभीच होती. डॉक्टरबाई आधी एकट्या ताईंशी अर्धा तास बोलल्या, मग त्यांनी घरच्यांना आत घेतलं.

"घरीच ठेवता येईल का, मॅडम?" तातेरावांनी विचारलं. इथवर आणलं होतं, पण आता त्यांचाच पाय मागं सरत होता. "मी चोवीस तास बसतो हिच्यापाशी."

"आणि झोपणार कधी?"

तातेराव विचार करायला लागले.

"घरी राहून बरे होणारे खूप असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण यांचा बेत ठरलेला आहे, झोप नाही, पोटात अन्न नाही, आणि गोळ्यांना अजून वेळ लागणार. तेवढे दिवस चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं पाहिजेत, आणि ती आळीपाळीनं झोपलेलीही पाहिजेत. त्यासाठी वॉर्ड असतो." मग त्या ताईंकडे वळल्या. "ताई, सही तुम्हीच करायची आहे. आज रात्री घरी गेलात, तर स्वतःची खात्री वाटते तुम्हाला?"

ताईंनी तातेरावांकडे पाहिलं, पायलकडे पाहिलं.

"न्हाई," ताई म्हणाल्या. "बिलकुल न्हाई." आणि पेन घेतला.

पहिले तीन दिवस त्या झोपल्या, रडल्या आणि नवऱ्याशी बोलल्या नाहीत. "मला हितं आणून टाकलं," असं नर्सला सांगत. चौथ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. सातव्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या मुलीला म्हणाल्या, "गोळी जिभेखाली लपवू नको, मी बघून राह्यले." नवव्या दिवशी वॉर्डातलं ताप-नाडीचं रजिस्टर नीट भरत नाही म्हणून सिस्टरशी वाद घातला. सिस्टर वैतागून बाहेर आली. तातेरावांनी तिला हात जोडले आणि पेढे आणायला गेले.

सतराव्या दिवशी सुटी झाली. त्या लगेच पूर्वीच्या झाल्या असं नाही. फेब्रुवारीभर दुपारी पडूनच असायच्या. गोळ्या अजून चालू आहेत, महिन्यातून एकदा जालन्याची फेरी असते. काम आधी अर्धं घेतलं, मग हळूहळू पुरं. गावात कुजबुज झाली. एका बाईनं लेकराला ताईंच्या हातून डोस पाजायला नको म्हटलं. ताई त्या दिवशी घरी येऊन खूप रडल्या. तातेरावांनी दुसऱ्या दिवशी त्या घरून शिवायला आलेला लेकराचा कपडा तसाच परत पाठवला. ताईंना कळल्यावर त्यांनी तो परत मागवून आणला. "लेकराचा काय गुन्हा?" म्हणून.

परवा जूनमध्ये शाळेतले सोमेश्वर सर आले. अंगणात उभे राहून पावसाचं बोलले, शाळेचं बोलले, मग चप्पल पायानं उलटी-सुलटी करत म्हणाले, "ताई, माझा एक मित्र आहे. त्याला झोप येत नाही. जगावंसं वाटत नाही म्हणतो."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी चार दिवसांची होती.

"मित्राला चहा चालतो ना?" त्यांनी विचारलं.

सर ओशाळून हसले. मग हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. ताईंनी खुर्ची पुढं सरकवली, आतल्या तातेरावांना दोन कप सांगितले, आणि सरांच्या अगदी जवळ बसून, आष्टीत कुणी कधी ऐकला नसेल एवढ्या हळू आवाजात विचारायला सुरुवात केली.