सिंधुबाईंच्या खोलीतली भाकरी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात मागच्या एका खोलीत सिंधुबाई बसायच्या. लकव्यानं माझ्या आईचा, केवळाबाईचा, उजवा हात गेला होता. सहा महिने आम्ही तिला भरवत होतो. अहमदपूरहून एसटीनं तिला मी त्या खोलीत नेलं.

खोलीत परात, स्टोव्ह, मातीचा गोळा, बटणांचे सदरे. मी पडलो शाळामास्तर, शिष्टपणानं विचारलं, "हे शिकायला नागपूरला गेला होता?"

"हाव गुरुजी," त्या हसल्या.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना त्यांच्या वडिलांची, लिंबाजींची, बोटं चेचली. जखम भरली, पण सदऱ्याचं बटण त्यांना पुन्हा लावता आलं नाही. म्हणून पोरगी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे अधू हाताला रोजची कामं पुन्हा शिकवायची विद्या, शिकली. बरोबरीच्या मैत्रिणी मुंबईच्या इस्पितळांत, मुलांच्या खास शाळांत लागल्या, दोघी परदेशी गेल्या. सिंधुबाई मात्र आपल्या मुलखात परतल्या. अशी माणसं आता शोधून सापडत नाहीत, आणि याचा मला राग येतो.

दोन महिने व्यायाम झाल्यावर बाईंनी आईपुढे परात सरकवली. भाकरी थापताच चिरली. दुसरीचेही तुकडे.

"हात मेला माजा," आई रडायला लागली. "चल घरी."

मीही पिशवी उचलली. तेवढ्यात बाईंनी स्वतः थापायला घेतली. तीही फाटली! आईनं डोळे पुसले, पीठ चिमटीत धरून चोळलं. उजव्याच हातानं, तिच्या ध्यानातही आलं नाही.

"अगं, विरी गेली याची! कवाचं दळण हाय?"

"पंधरा दिवसांचं," बाई ओशाळल्या. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, हे होस्टेलच्या मेसवर जेवलेल्या पोरीला कोण सांगणार?

"आधण ठेव," आईनं हुकूम सोडला. उकळत्या पाण्यात मळलेल्या पिठाची आईनं थापलेली भाकरी वाकडी झाली, पण अखंड उतरली.

आई जेवायला बसली. पहिला घास मांडीवर पडला. दुसराही. सवयीनं माझा हात पुढे गेला, तर बाईंनी मनगट धरलं.

"थांबा गुरुजी. तुमीच त्यांना अडवून राहिलात."

मी चिडून काही बोलणार, तोवर तिसरा घास आईच्या तोंडात गेला. मी आईची किती सेवा करतो, हे गावभर सांगत फिरलो होतो. त्या दिवशी मला त्याची फार लाज वाटली.