मागची जाड सीट

आत्या मोटरसायकलींची सीट कव्हरं शिवते. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटला तिनं दुप्पट फोम भरलाय, कारण लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात ती काकांच्या मागं बसून डोंगर चढायची. काका म्हणजे नुसती भिंत. "अहो, जरा वाका, मला काही दिसत नाही," ही तिची घाटभर कुरकुर. शेवटी डावीकडे मान काढून दिसेल तेवढा डोंगर ती बघून घ्यायची.

काका गेले. आत्या हट्टानं गाडी शिकली आणि यंदा मला मागं बसवून भर उन्हात घाटाला लागली. डांबर पाघळलं होतं, झाडांची पानं गळून डोंगर उघडाबोडका झाला होता. समोर सगळा दिसत होता, अडवायला कुणी नव्हतं. तरी बाई मान डावीकडे काढूनच चालवत होती.

"आत्या, सरळ बघ की! पाडशील मला."

"गप गं. मला शिकवू नकोस."

पुढच्या वळणावर तिनं करकचून ब्रेक मारला, मला पुढं बसायला लावलं आणि स्वतः त्या जाड सीटवर जाऊन बसली. मी गाडी काढली. ऊन थेट तोंडावर येत होतं. मग तिचं हेल्मेट हळूच माझ्या पाठीला टेकलं आणि कुरकुर सुरू झाली.

"किती गं बारीक तू. मागे सावलीसुद्धा पडत नाही."