पंप एकाचा, चाकं पाड्याची

"वैनी, हा पंप पण नाय चालत," असं म्हणत मिलिंदने तो पंप माझ्या काउंटरवर ठेवला.

'पण' म्हणजे हा दुसरा. पहिला पायाने दाबायचा होता. तो त्याने "टाइम लय खातो" म्हणून परत आणला. मग मी सायकलच्या दांडीला अडकवायचा छोटा हातपंप दिला. पंधरा दिवसही झाले नसतील आणि त्याचा वायसर पार झिजलेला. वायसर म्हणजे पंपाच्या दांड्याच्या टोकाला असते ती चकती. तीच हवा पुढे ढकलते. एका सायकलपुरता वापर असेल तर ती वर्ष दोन वर्षं सहज टिकते.

"तू काय ट्रकला हवा मारतोस काय रे?" मी विचारलं.

मिलिंद नुसता हसला. मला असला राग आला! शहापुरातलं हे सायकलचं दुकान सासऱ्यांनी उघडलं, आता मी चालवते. बाई बघून शिकवायला येणारे पुष्कळ भेटतात, त्यांना मी सरळ करते. पण काय बिघडलंय ते न सांगता नुसतं हसणाऱ्या गिऱ्हाइकाचं करायचं काय?

मिलिंद सापगावच्या पलीकडच्या पाड्यातला. मुरबाडच्या एका कंपनीत कंत्राटावर काम करतो. कंपनीची बस फाट्यावर येते, पाड्यापासून फाट्यापर्यंत सायकल. वाट काट्यांची. काटा घुसला की हवा हळूहळू जाते आणि सकाळी चाक बसलेलं असतं. म्हणून त्याला पंप हवा होता, सोबत नेता येईल असा. बस दोनदा चुकली होती. कंत्राटदाराने बजावलं होतं की पुन्हा चुकली तर येऊच नको. घरात कमावणारा तो एकटाच.

मी चार्जिंगवरचा पंप काढला. मुठीएवढा डबा. बटण दाबलं की आपोआप हवा भरतो.

"एका चार्जिंगमध्ये चारेक चाकं भरतात," मी म्हटलं.

"चारच?"

"तुझ्या सायकलला चाकं किती?"

"दोन."

"मग चारच काय विचारतोस?"

तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. पाड्यात पंप याच्या एकट्याकडे. सकाळी अंगणात सायकली उभ्या. "मिल्या, जरा हवा मार रे." पंप हातात दिला तर कुणीतरी वाकडातिकडा ओढणार, म्हणून हाच सगळ्यांना हवा मारून देतो. तोवर बस निघून जाते.

"मग नाही म्हण की!"

"असं कसं म्हणनार, वैनी?"

मी कपाळावर हात मारला. हे आधी सांगितलं असतं तर मी पंप बदलत बसले नसते.

मग मी डोकं चालवलं. साध्या सायकलच्या वॉलमध्ये, म्हणजे ट्यूबच्या हवा भरायच्या तोंडात, बारीक रबरी नळी असते. मोटारसायकलच्या वॉलमध्ये त्याऐवजी स्प्रिंगवाली पिन असते. दोघांना पंपाचं तोंड वेगळं लागतं. मी मिलिंदच्या सायकलला पिनवाल्या ट्यूब घातल्या, हातपंपाला नवा वायसर टाकला आणि तोंडही पिनवाल्या वॉलचंच बसवलं. आता तो पंप पाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याच सायकलला लागणार नव्हता. नाही म्हणायची गरजच उरली नाही. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

चार दिवसांनी मिलिंद हजर. "वैनी, पहिल्या ट्यूबा परत घाला."

"का? बस चुकली?"

"माझी नाय. आमच्या पाड्यातल्या धर्मादादाची चुकली. तो चाक बसलेली सायकल हातात धरून चालत होता, आणि मी त्याच्या बाजूनं पुढं गेलो. नाय बघवलं."

आता मात्र माझा पारा चढला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं तरी मी ओरडले, "अरे, नोकरी गेली तर पाडा जेवायला घालणार आहे का तुला?"

"घालतील ना," तो शांतपणे म्हणाला. "मागं मी आजारी होतो, तवा आमच्या घरात चूल पेटली नाय. धर्मादादाच्या घरातनंच जेवन यायचं आमाला."

मी चाकं खोलली आणि जुन्या ट्यूब घातल्या. हातपंपाचं तोंडही बदललं. तरी प्रश्न होता तिथेच होता. बस काही धर्मादादासाठी थांबणार नव्हती आणि मिलिंदसाठीही नाही.

चाक बसवता बसवता माझी नजर कोपऱ्यातल्या उभ्या पंपाकडे गेली. लोखंडी, जड, सासऱ्यांच्या वेळचा. अजून ठणठणीत. तो मी त्याच्या कॅरिअरला बांधला, सोबत साखळी आणि कुलूप दिलं.

"पाड्यातल्या बुद्धविहाराच्या व्हरांड्यातल्या खांबाला बांध. ज्याला हवा पाहिजे त्याने लवकर उठावं, तिथे जावं आणि स्वतःचे दंड दुखवून घ्यावेत. तुझं अंगण बंद."

"आणि वाटेत कुनाचं चाक बसलं तर?"

"तर छोटा पंप त्याच्या हातात दे आणि तू पुढे हो. संध्याकाळी घरी आणून देईल. मोडला तर मी बसलेय इथे."

सोबत नेता येईल असा पंप मागायला आलेल्या माणसाला मी कुणालाच उचलून नेता येणार नाही असा पंप दिला. दुकानदार म्हणून हे काही शहाणपणाचं नव्हे. पण मिलिंद अजून त्याच कंपनीत आहे, आणि धर्मादादाही बस पकडतो. परवा मिलिंद विहारातल्या पंपासाठी वायसर न्यायला आला. या वेळी मी काही न विचारता दिला.

आता पंप मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, हवा किती जणांच्या चाकांत भरायची आहे. गेल्या रविवारी हेल्मेटवाला एक सायकलस्वार मुंबईहून आला होता. तो गोंधळून म्हणाला, "माझ्या एकट्याच्याच."

त्याला मी दुकानातला सगळ्यात छोटा पंप दिला. एकट्याला तेवढा पुरतो.