फणसाची खुंटी

नाहूरच्या एका गाळ्यात लाकडी पाळणे बनवणारी सुगंधा मेस्त्री बोलायला लागली की समोरच्याला उसंत मिळत नाही. वडिलांमागे हा कारखाना तिनं धाकट्या भावाला, सर्वेशला, हाताशी धरून चालवला. प्लास्टिकच्या पाळण्यांनी धंदा बसवला तेव्हा तिनं थेट परदेशी गिऱ्हाईक गाठलं. त्यांची अट एकच होती. जंगल राखून तोडलेलंच लाकूड वापरता, असा दाखला हवा. तो नाही मिळाला तर गाळ्याला टाळं.

त्या दाखल्यापायी सुगंधानं सगळा गाळा डोक्यावर घेतला. दाखल्याच्या फळ्यांना हिरवा पट्टा, त्यांची जागा वेगळी. दाखल्याबाहेरच्या लाकडाची एक ढलपी त्यांत शिरली तर कारागिराची खैर नाही. माणसं कुरकुरली, मग अंगवळणी पडलं. तिच्या जिद्दीचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

दाखला देणाऱ्यांकडून तपासणीला आलेल्या बाईंनी सगळं पाहिलं, समाधानानं मान डोलावली. चहा आला. तेवढ्यात सुगंधाची नजर तयार पाळण्याच्या पिवळ्या खुंटीवर गेली आणि तिथेच अडकली.

ती खुंटी फणसाची. वडिलांच्या वेळचे कारागीर लवूकाका गावच्या घरामागच्या परड्यातला फणस तोडून आणलेलं लाकूड जपून वापरत आणि प्रत्येक पाळण्यात त्याची एक खुंटी ठोकत. बाळाला गावचा आशीर्वाद! ती बघायची इतकी सवय झालेली, की तिला लाकूड म्हणून कुणी मोजलंच नव्हतं.

बाईंच्या काही लक्षात आलं नव्हतं. सुगंधानं कप खाली ठेवला. "मॅडम, ही खुंटी बाहेरच्या लाकडाची आहे. सगळ्या पाळण्यांत आहे."

दाखला अडला. खुंट्या बदला, मग पुन्हा तपासणी.

बाई गेल्यावर सर्वेश उसळला. "ताई, तुला कोणी विचारलं होतं का? लागली ना वाट!"

"विचारलं नाही म्हणूनच सांगायला लागलं रे," ती म्हणाली.

आता लवूकाकांना सांगणं आलं. म्हातारा दुखावला. "आपल्या परड्यातलो फणस काय चोरीचो आसा?"

"चोरीचा नाही हो काका. पण त्याला दाखला नाही."

काका उठले. हातोडी घेऊन स्वतःच खुंट्या काढायला बसले. सुगंधाही शेजारी बसली. एक खुंटी उपसून त्यांनी विचारलं, "आमच्या फणसाक गावात काय गो तो दाखलो?"

"मिळेल की. पण ते पहिलं हेच विचारतील, तोडलात त्याच्या जागी दुसरा लावलात का?"

लवूकाकांचा हात थांबला.

"नाय गो," ते हळूच म्हणाले. "ह्या माका आजवर कोणी इचारल्यानच नाय."