हट्ट्याच्या दोघी जावा

आडत्याची नोकरी मी भांडून सोडली. बारा वर्षं वसमतला त्याच्या दुकानात हळद पारखली, आणि निघताना ओट्यावरच्या चार माणसांसमोर तो म्हणाला, "जा, काढ तुझा धंदा. तुझ्या तोंडापुढं एक तरी माणूस टिकला तर मला येऊन सांग." निजामाचं राज्य गेलं, पण ते वाक्य मला अजून सलतं.

माझा बेत साधा होता. शेतकरी आपापल्या शेतात कशीबशी हळद शिजवत, कुठे कच्ची राही, कुठे गळून जाई, आणि भाव पडे. मी गावाबाहेर विहिरीजवळ एक मोठी कढई मांडून सगळ्यांची हळद नीट शिजवून द्यायची. पाच शेतकऱ्यांनी ओली हळद आणून टाकलीही. शिजवणारा मात्र मिळेना. मला हळद पारखता येत होती, शिजवता येत नव्हती. जाणते गडी एक तर आडत्याच्या शब्दातले, नाही तर माझ्या तोंडाला भ्यालेले. ढीग आतून तापायला लागला. आणखी दोन दिवसांत तो सडला असता आणि धंदा सुरू होण्याआधीच बुडाला असता.

तेव्हा जवळच्या हट्टा गावातलं एक घर आठवलं. त्या घरची हळद मी दुकानात फोडून पाहिली होती. आतून काठापर्यंत एकसारखी पिवळी.

घरची थोरली सून अंगणात धान्य पाखडत होती. माझं ऐकून म्हणाली, "येते की भाऊ. पण संगं माझी धाकटी जाऊ येईल."

"कढई एक, चूल एक. दोघी काहून?"

"मंग एकटी मी येत न्हाई."

दाराआड धाकटीचा नुसता पदर दिसत होता. मी पुष्कळ ताणलं. शेवटी बाजारात करतो तेच केलं. उठलो, धोतर झटकलं, छत्री घेतली आणि चालू लागलो. दहा पावलांवर मागून हाक येते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. हाक आली नाही. वेशीपर्यंत आली नाही. तिथे बाभळीखाली बसून मी पायात नसलेला काटा बराच वेळ काढला. मग परत गेलो.

थोरलीने सूप खाली ठेवलं नाही. "काय भाऊ, छत्री राहिली का?"

छत्री माझ्या हातात होती. दाराआड कुणीतरी हसलं.

"दोघी या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कढई चढली. थोरली पाण्यावरून, जळणावरून माझ्याशी वाद घालत होती. फेस वर आला तसा मी म्हणालो, "उतरवा." तिने जावेकडे पाहिलं. धाकटीने वाफेचा वास घेतला, एका हळकुंडात काडी टोचली आणि नाही म्हणून मान हलवली. माझं डोकं फिरलं.

"इथं मालक कोण हाय?" मी ओरडलो.

धाकटीने काडी खाली ठेवली आणि विहिरीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

"ओरडा अजून," थोरली म्हणाली. "मला नुसतं पाणी टाकायचं कळतं, भाऊ. शिजवणारी ती हाय. परक्या माणसाशी बोलायला लाजते, म्हून बोलणारी मी."

बारा वर्षं पारख केल्याचा मला गर्व होता, आणि जिच्यासाठी गेलो तिलाच मी हट्ट्यात सोडून येणार होतो. माफी मागायची मला सवय नाही. तांब्याभर पाणी घेऊन गेलो, तिच्याजवळ ठेवलं. हळूच म्हणालो, "आक्का, कढई तुमची."

ती सगळं पाणी सावकाश प्यायली. मग आली, पुन्हा काडी टोचली, आणि बोट वर केलं. आम्ही कढई उतरवली.

हळद वाळल्यावर आडत्या स्वतः आला. हळकुंड मोडून आत पाहत राहिला. "कोण शिजवून राहिलं?" मी बोट दाखवलं. तो गोड आवाजात धाकटीला म्हणाला, "बाई, पुढल्या साली आमच्याकडं या. तिथं कोणी ओरडत न्हाई."

ती पदराआडून, पुरुषांसमोर पहिल्यांदाच बोलली. "न्हाई जी. हे मालक ओरडतात, पण मागून पाणी आणून देतात."

आडत्या हळकुंडाचे दोन्ही तुकडे ठेवून निघून गेला. मला त्याला काही सांगावं लागलं नाही. त्या दोघी पुढेही दर हंगामात येत राहिल्या, आणि मी कितीदा तांब्या भरून नेला त्याची मोजदाद नाही. आडत्याने मात्र आपलं बोलणं कधी मागे घेतलं नाही.