समोरचं वारं आणि आमचे मामा

आषाढातलं वारं सुटलं की गावातली माणसं पत्र्यांवर दगड ठेवतात, वाळत घातलेले कपडे आत घेतात आणि दारं लावून बसतात. आमचे मामा अशा वेळी सायकल बाहेर काढत. दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून हवा बघत, डोक्यावरची टोपी खिशात घालत, पायजम्याच्या उजव्या पायाला सुतळी गुंडाळत आणि माळाच्या रस्त्याला लागत. वारं जितकं जास्त, तितका त्यांचा चेहरा प्रसन्न. पारावरचं कोणी विचारलंच, "मामा, असल्या वाऱ्यात कशापायी निघालात?" तर म्हणत, "आता न्हाई तर कवा? हिवाळ्यात रस्त्याला काय असतंय? नुसता रस्ता असतोय."

मामा म्हणजे माझे सासरे. घाटनांदूरला एका कृषी सेवा केंद्रात ते कितीतरी वर्षं कामाला होते. गाव घाटनांदूरच्या पूर्वेला, माळावर. जवळपास झाड नाही, टेकडी नाही. लांबवर पवनचक्क्या फिरताना दिसतात, तेवढंच काय ते उंच. पावसाळ्यातलं वारं पश्चिमेकडून येतं, त्यामुळे सकाळी कामावर जाताना ते छातीवर आणि संध्याकाळी घरी येताना पाठीवर. मामा अशी ये-जा गेली कित्येक वर्षं सायकलवर करत होते.

लग्नानंतर काही वर्षांनी माझी बदली घाटनांदूरच्या बँकेत झाली आणि त्याच सुमारास सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या माहेरच्याच शाळेत नोकरी मिळाली. जावयानं सासुरवाडीत मुक्काम ठोकू नये हे मला ठाऊक होतं. पण मामींच्या हातचं जेवणही मला ठाऊक होतं. आम्ही मुक्काम ठोकला. सामानात माझी पुण्याहून आणलेली गिअरची सायकल होती. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यावर ती मोठ्या हौसेनं घेतली होती आणि नंतर बराच काळ तिच्यावर टॉवेल वाळत होते. सोबत हेल्मेट, हातमोजे आणि सायकलवाले घालतात तसली तंग अर्धी चड्डीही होती.

पहिल्या सोमवारी ती चड्डी घालून मी अंगणात आलो. ऑफिसची पँट पाठीवरच्या पिशवीत होती. मामी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, लगेच तुळशीकडे पाहिलं आणि आत जाऊन सुनंदाला हळूच विचारलं, "अगं, पाव्हण्यांची वरची प्यांट ऱ्हायली का?" मला ते बाहेर ऐकू आलं. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "असू दे, असू दे. वारं आडकत न्हाई त्यात." मी आत जाऊन पँट घातली. त्यानंतर ती चड्डी गावात कोणाला दिसली नाही.

त्या सकाळी गावाची शेवटची घरं मागे पडली आणि वाऱ्यानं मला धरलं. पुण्यातल्या वाऱ्याला इमारती आडव्या येतात. इथं त्याला मीच पहिला भेटलो होतो. मी गिअर खाली आणला, आणखी खाली आणला, आणि मग खाली आणायला गिअर उरला नाही. पाय फिरत होते, पण रस्त्याकडेची बोरीची झुडपं जागची हलत नव्हती. शेवटी मी उतरलो आणि सायकल ढकलायला लागलो. पुढं गेलेले मामा वळून आले आणि तेही उतरले. मी म्हणालो, "मामा, तुम्ही चला पुढं, तुम्हाला उशीर होईल." ते म्हणाले, "जावई पायी आन् सासरा सायकलवर? लोक काय म्हंतील?" मग दोघंही आपापली सायकल हातात धरून घाटनांदूरला चालत गेलो. वाटेत दोन ओळखीच्या मोटारसायकलवाल्यांनी थांबून विचारलं, पंक्चर झाली का म्हणून. मामा दोघांनाही "व्हय" म्हणाले. एकालाही माझं नाव सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या मागं घेतलं. "माज्या मागं ऱ्हावा, वारं कमी लागंल," म्हणाले. पण मामा अंगानं काडीसारखे. त्यांच्या मागं फार तर माझा एक कान झाकला जात होता. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मागं वळून माझ्याकडे नीट पाहिलं. जनावराच्या बाजारात बैलाकडे पाहतात तसं, पण आदरानं. मग म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नगा. तुमी म्होरं व्हा. तुमच्या मागं लई आडोसा हाय."

मी पुढं झालो. माझ्या देहाचा कोणाला उपयोग होतोय, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं. मागून मामांचा आवाज येई, "आसंच, आसंच. सरळ धरा." मी धापा टाकत घामाघूम होऊन पवनचक्कीशी भांडत असल्यासारखा चालवत असे आणि मामा माझ्या आडोशाला आरामात, सुपारी चघळत. घाटनांदूरला पोचल्यावर ते मला म्हणत, "आज काय दमल्यासारखं वाटलंच न्हाई." आणि ते खरंच असे.

दुकानात मात्र हेच वाऱ्याचं प्रेम शेठजींना जड जाई. पावसाळ्यात शेतकरी फवारणीचं औषध घ्यायला येत. मामा बाटली कपाटातून काढत, काउंटरवर ठेवत आणि तिच्यावरचा हात न काढता विचारत, "कवा फवारणार?" तो म्हणे, आजच. मामा बाटली परत कपाटात ठेवत. "भाईर बघा वारं किती हाय. आवशीद तुमचं आन् पडंल शेजाऱ्याच्या रानात. वारं पडू द्या, मग या." शेठजी माझ्याकडे बँकेत आले की तक्रार करत, "तुमच्या सासऱ्याला सांगा, वारं पडायची वाट बघितली तर दुकान पडंल." पण लोक वारं पडल्यावर परत मामांकडेच येत, म्हणून ते चालवून घेत.

रविवारी वाटलं की सुटलो. पण मामांचा रविवार वेगळा नव्हता. फक्त मुक्काम बदलायचा. कामाच्या दिवशी वाऱ्याला तोंड देत आधी जावं लागे, ते नाइलाजानं. रविवारी ते हौसेनं तसंच करत. पवनचक्क्यांपर्यंत समोरचं वारं खात जायचं आणि तिथून वळून, शर्टाची बटणं उघडी टाकून, दोन्ही बाजू हातांनी हँडलशी धरून शिडासारखं परत यायचं. पायडल मारायचंच नाही. एकदा मीही तसं केलं. माझा शर्ट मामांच्या दुप्पट, त्यामुळे वेगही दुप्पट. गाव आलं, पार आला, पार गेला, आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोठ्यातल्या कडब्यात थांबलो. मामा मागून आले, म्हशीला थोपटलं आणि म्हणाले, "बिरेकबी असतोय, पाव्हणं."

एकदा मी त्यांना विचारलं की या सगळ्यात त्यांना नेमकं काय मिळतं. ते पायडल मारतच राहिले. मला वाटलं वाऱ्यात ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "घरात तुमच्या मामी सांगत्यात, दुकानात शेठ सांगतोय, गावात सरपंच सांगतोय. मी समद्यांचं ऐकतो. हितं मला कुणी सांगत न्हाई, आन् मीबी कुणाला सांगत न्हाई. वारं ढकलतंय, मी ढकलतो."

तिसऱ्या आषाढात ते पडले. रविवार होता आणि माझा गुडघा दुखत होता म्हणून मी घरीच होतो. तलावाच्या भरावावरून जाताना वारं बाजूनं येतं, त्यामुळे माणूस सायकल वाऱ्याकडे कलती धरून चालवतो. त्याच बाजूनं एसटी त्यांना ओलांडून गेली. क्षणभर वारं तुटलं आणि वाऱ्यावर रेललेले मामा तसेच रस्त्यावर आडवे झाले. गाडी पुढं निघून गेली होती म्हणून वाचले. गळ्याजवळचं हाड मोडलं. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं तेव्हा ते डॉक्टरांना समजावत होते की चूक वाऱ्याची नाही, ते मधेच थांबलं त्याची आहे.

हाड जुळून आलं, पण घरातल्यांची भीती गेली नाही. मामी रडल्या. सुनंदानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हीच सांगा. आमचं कुणाचं ऐकणार नाहीत. जावयाचा शब्द मोडणार नाहीत ते." मी दोन दिवस टाळलं. मग एका सकाळी ते ओसरीवर सायकलच्या चेनला तेल घालत बसले होते, तेव्हा शेजारी बसलो आणि घसा साफ करून म्हणालो, "मामा, आता सायकल बंद केली तर बरं होईल."

मी मोठ्या वादाची तयारी करून आलो होतो. त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "तुमचं म्हणणं हाय का घरच्यांचं?"

"सगळ्यांचंच आहे. माझंही आहे."

"बरं. तुमी म्हंताव तर बंद." एवढंच म्हणाले आणि सायकल उचलून कडब्याच्या खोलीत ठेवून आले. चेनला तेल घालून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते टमटम रिक्षानं दुकानात जाऊ लागले. कुरकुर नाही, टोमणा नाही. टमटममध्ये कडेला बसत आणि मला ओलांडून जाताना हात वर करत. मी एकटाच पुढं वाऱ्याशी झटत असे. मागं कोणी नव्हतं, तरी मी सरळ धरून चालवत होतो. आडोसा कोणाला द्यायचा हे मला कळत नव्हतं. रविवारी मामा अंगणात खाटेवर बसून पवनचक्क्यांकडे बघत. जेवण कमी झालं. दुकानातून शेठजींचा निरोप आला की मामा हल्ली कोणालाही बाटली देऊन टाकतात, वारं असो नसो. शेठजींनाही ते बरं वाटत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "मामा, मी बोललो ते परत घेतो. पण भरावावरून जायचं नाही, आणि रस्ताभर माझ्या मागं राहायचं." सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं की माझी भाकरी हातातच राहिली. मामी म्हणाल्या, "पुन्यांदा पडले म्हंजे?" मी म्हणालो, "माझ्यावर पडतील." मामी हसल्या नाहीत, पण त्यांनी मामांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मामांनी ती खाल्ली.

पुढची दोन वर्षं आम्ही तसेच गेलो, मी पुढं आणि ते मागं. मग एका आषाढात, फार मोठं वारं होतं त्या सकाळी, अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "थांबा जरा." मी उतरलो. मामा पुलाच्या कठड्यावर बसले होते, सायकल शेजारी उभी. दम लागला नव्हता, कुठं दुखतही नव्हतं. मी पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी घेतली, प्यायले आणि म्हणाले, "आता बास."

"परत जाऊ या का?"

"तसं न्हाई. सायकल बास आता."

मी म्हणालो, "मी चुकून जोरात गेलो का? उद्या हळू जाऊ."

"तुमी बरुबर हाव. मागच्या वक्ताला तुमी सांगितलं म्हून बंद केलतं, ते मनाला लई लागलं. आज कुणी सांगितलं न्हाई. माजं मलाच कळलं." मग त्यांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि एका हातानं धरून ठेवली. "तुमी जावा. ब्यांकेला उशीर व्हईल. मी जातो हळूहळू, माज्या पाठीमागं वारं हाय."

मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. ते सायकल हातात धरून गावाकडे चालत गेले, वारं त्यांचा सदरा पुढं ओढत होतं. एकदाही सायकलवर बसले नाहीत. सायकल त्यांनी पुढच्याच आठवड्यात शाळेला लांबून चालत येणाऱ्या एका मुलीला दिली, आणि तिला वाऱ्याबद्दल काहीही सांगितलं नाही.

त्यानंतर ते चारेक वर्षं होते. पुढं एकदा मी विचारलं, सायकलची आठवण येते का. म्हणाले, "येती की. पर आठवण यायला सायकल कशाला लागतीय?" एका हिवाळ्यात, अंगणातल्या खाटेवर, दुपारच्या झोपेत ते गेले. तुळशीचं पानही हलत नव्हतं. मामींनी तेवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं आलेल्या प्रत्येकाला.

आता माझी बदली माजलगावला झाली आहे. धरणावरून येणारं वारं मामांना आवडलं असतं. मी अजून सायकलवरच बँकेत जातो. केस पिकले, गुडघा बोलतो, वजन तेवढंच आहे. डॉक्टरांनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलंय. गेल्या पावसाळ्यात भर वाऱ्यात मी निघालो तेव्हा सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, "आता वय झालं तुमचं. बंद करा हे."

मी सुतळी पायाला गुंडाळत म्हणालो, "करीन. पण माझं मला अजून कळलेलं नाही."

मी फाटकाबाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच उतरून ढकलायला लागलो.