त्याची लाइन उडवतो

काही केसेस कागदावर बंद होतात, मनात होत नाहीत. मी पोलीस खातं लवकर सोडलं, तरी डेट्रॉइटजवळच्या आमच्या ठाण्यातली ही केस माझ्याबरोबर आली.

अकरा सप्टेंबरच्या विमानहल्ल्यांना वर्षही झालं नव्हतं. एका इंजिनिअरिंग ऑफिसातून फोन आला. तिथे पश्चिमेकडच्या चालू रेल्वेमार्गाला नवा फाटा काढण्याचे नकाशे होत होते. फाटा सरकारी जमिनीतून, पुढे जलाशय करण्यासाठी राखून ठेवलेल्या खोऱ्यातून जाणार होता. अशा जमिनीतून रुळांना परवानगी मिळते, पण ते पुढे साठणाऱ्या पाण्याच्या आड येता कामा नयेत. तिथला पुण्याचा एक इंजिनिअर फोनवर म्हणाला होता, "त्याची लाइन उडवतो." हिंदी जाणणाऱ्या सहकाऱ्याने ते ऐकलं आणि अर्थ लावला, रेल्वेलाइन बॉम्बने उडवतो.

ठाण्यात आणलेला तो इंजिनिअर सार्जंटच्या एकाही प्रश्नाला उत्तर देईना. संध्याकाळी त्याला केंद्रीय यंत्रणेकडे सोपवायचं ठरलं. मराठी येते म्हणून मला आत बसवलं. मी बोलते कमी, बघते जास्त. त्याची नजर सारखी काचेबाहेर जात होती. तिथे त्याचा ऑफिसातला मित्र त्याचं जॅकेट घेऊन बसला होता.

"कुठली लाइन?" मी मराठीत विचारलं.

तो दचकला. "नकाशातली, मॅडम. कॉम्प्युटरवरून उडवली. डिलीट केली."

"मग सांगितलं का नाही?"

"त्याची होती ना ती." त्याने बाहेर पाहिलं. "ॲन आर्बरला कॉलेजात माझ्या नोट्स वाचून पास झाला हा. माझी लाइन खोऱ्याच्या मधून जायची, ती बाद. याची कडेने वळसा घालून, ती पास! सगळं ऑफिस याच्या टेबलापाशी. आणि आता जॅकेट घेऊन आलाय, यार... सॉरी, मॅडम. त्याला सांगू नका. दुसरं काहीही लिहा."

"काहीही? बॉम्ब लिहू?"

त्याने पुन्हा काचेबाहेर, जॅकेटकडे पाहिलं.

ऑफिसात खात्री केली. जबाबासाठी मित्राला आत घ्यावंच लागलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "अरे गाढवा, बॅकअप असतो. सकाळीच परत घेतली लाइन." आणि त्याने जॅकेट इंजिनिअरच्या खांद्यावर टाकलं. चौकशीत पडला नव्हता एवढा त्याचा चेहरा तेव्हा पडला.

माणसं कायद्याला घाबरतात, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या दिवसानंतर गप्प माणूस समोर आला की मी आधी बाहेर कोण बसलंय ते बघत असे.